स्तामातियाबाईंचा मांडव

“थुंकली ती! आपल्या गुंजनवर थुंकली, आणि तू मलाच गप्प बस म्हणतेस?”

“हळू बोल. वर बाबांचा कॉल चालू आहे.”

“बाबांचा कॉल गेला खड्ड्यात!”

“मल्हार!” वृंदाने हातातलं लाटणं ओट्यावर आपटलं. “एक तर त्या बाईच्या परसात जाऊन धिंगाणा घालून आलास. अख्खी बोळ गोळा केलीस. आणि वर तोंड करून…”

“मग काय ओवाळायला हवं होतं तिला? जगात काय चाललंय दिसत नाही तिला? माणसं मरतायत, आणि ही म्हातारी चार वर्षांच्या पोरीसमोर उभी राहून थुंकते!”

टेबलाखाली खडू घेऊन बसलेल्या गुंजनने मान बाहेर काढली. “याया इस लीफ,” ती म्हणाली. याया, म्हणजे ती ग्रीक आजी, चांगली आहे. घरात मराठी सगळं कळायचं तिला, पण उत्तर डचमध्येच.

“तू गप गं!” आई आणि मल्हार एकदमच ओरडले, आणि गुंजन परत टेबलाखाली गेली.

मल्हारचे कान अजून तापलेले होते. उजव्या पायाचा अंगठा ठणकत होता. त्या पायाने काय केलं होतं ते आईला अजून पुरतं कळलेलं नव्हतं. तिला फक्त आरडाओरडा ऐकू आला होता, आणि मग काहीतरी कोसळल्याचा आवाज.

न्यूनेन या डच गावातल्या त्या रस्त्यावरची घरं पुढून सगळी एका साच्यातली. विटांचं तोंड, मोठी काच, काचेत दोन सारख्या कुंड्या. मागे प्रत्येकाला टीचभर परस. करड्या फरश्या, उंच कुंपण, सायकली ठेवायची खोली आणि एक बंद केलेली छत्री. सगळ्या परसांची मागची दारं एका अरुंद बोळीत उघडायची. कुणी कुणाच्या परसात डोकवायचं नाही असा तिथला रिवाज, आणि तो सगळे पाळायचे.

फक्त स्तामातियाबाईंचं परस तसं नव्हतं.

बाई ग्रीसच्या कुठल्याशा डोंगरातल्या खेड्यातल्या. नवरा इथे कारखान्यात कामाला आला, मागून ती आली, आणि येताना बहुतेक गावातलं परसच उचलून घेऊन आली. तिचं मागचं दार कधी बंद नसायचं. आत शिरलं की डोक्यावर द्राक्षाच्या वेलाचा मांडव, त्याखाली निळं टेबल आणि वेताने विणलेल्या बुडाच्या दोन खुर्च्या. एका खुर्चीत ती, दुसरीत मांजर. भिंतीला ओळीने ऑलिव्ह तेलाचे रिकामे डबे, लाल-निळे रंगवलेले, त्यांत बेसिलची रोपं. वृंदाने पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला ती तुळसच वाटली होती. बाई ती कधी तोडायची नाही, खायची नाही. येता-जाता नुसता तळहात फिरवायची आणि तो हात नाकाशी न्यायची. एप्रिलमध्ये रात्री अजून गारठा असायचा, म्हणून रोज संध्याकाळी एकेक डबा कडेवर घेऊन घरात न्यायची आणि सकाळी परत बाहेर आणायची. कोपऱ्यात दोन कोंबड्या. दांडीवर लसणाच्या माळा आणि तिचे काळे मोजे शेजारी शेजारी वाळत घातलेले.

हे सगळं मल्हारला तोंडपाठ होतं, कारण त्याच्या खोलीची खिडकी त्याच परसावर उघडायची आणि त्याला दुसरं काही काम नव्हतं. जानेवारीत त्याने वर्गात खुर्ची भिरकावली होती. सर म्हणाले होते, “तुला जमत नाही तर निदान दुसऱ्यांना शिकू दे.” खुर्ची कुणाला लागली नाही, पण त्यानंतर तो शाळेत गेलाच नाही. खेमेन्तेतून, म्हणजे नगरपालिकेतून, एक बाई फोन करून करून दमली. मग मार्चमध्ये कोरोनाने सगळ्यांच्याच शाळा बंद केल्या, आणि मल्हारला वाटलं, बरं झालं, आता सगळेच घरी.

पण बाकीच्यांची शाळा लॅपटॉपवर चालू होती. बाबांचं ऑफिस लॅपटॉपवर चालू होतं. रिकामा तेवढा तोच. मग तो खिडकीत बसून बाईकडे बघायचा. सकाळी ती लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात कॉफी उकळून आणायची आणि बोळीतून जो जाईल त्याच्याशी बोलायची. बोळीतून दिवसाला फार तर सहा माणसं जायची, पण सहाही जण थांबायची. दुपारी मटार सोलत रेडिओशी भांडायची. ऊन उतरलं की फरश्यांवर पाणी शिंपडायची, अगदी सडा घातल्यासारखं, आणि मग ओल्या मातीचा वास मल्हारच्या खिडकीपर्यंत यायचा. त्या वासाने त्याचं डोकं थोडं शांत व्हायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याची नजर तिखट. त्याला सगळं दिसायचं. मांडवाचा बोळीकडचा खांब खालून कुजलाय हेही त्याला हिवाळ्यातच दिसलं होतं. वाऱ्यात तो खांब मुळाशी हलायचा. सांगू, सांगू म्हणत त्याने सांगितलं मात्र नाही.

त्या सोमवारी डच लोकांचा ईस्टर संपत आला होता. स्तामातियाबाईंचा त्याच्या पुढच्या रविवारी होता. त्यांच्या गावी ईस्टरच्या आठवड्यात परस चुन्याने रंगवतात. बाईने बादलीभर चुना कालवला होता आणि गुडघ्यावर बसून फरश्यांच्या फटी पांढऱ्या करत होती. फरशीभोवती रेघ, रेघेला रेघ जोडलेली. मल्हार गुंजनला फिरवून आणत होता. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या. दार उघडं बघून गुंजन थांबली आणि उंबऱ्यावरून वाकून त्या रेघा बघायला लागली.

बाई उठली. कमरेवर हात ठेवून, पांढऱ्या बोटांनी, पोरीकडे बघत राहिली. तिचं तोंड असं फुललं की बस. “कूक्ला!” म्हणाली, म्हणजे बाहुली, आणखी काहीबाही म्हणाली, आणि मग पुढे झुकून गुंजनच्या दिशेने तोंडाने केलं, “फ्तू, फ्तू, फ्तू.”

बातम्यांत रोज तेच चाललं होतं. कुणी पोलिसावर थुंकला, कुणी बसच्या ड्रायव्हरवर. आदल्याच आठवड्यात अल्बर्ट हाइन सुपरमार्केटच्या दारात एका पोराने मल्हारला बघून “कोरोना, कोरोना” म्हणत नाक दाबलं होतं. तेव्हा मल्हार काही बोलला नव्हता. ते न बोललेलं सगळं आत साचलं होतं.

“काय करतेस, ए!” तो ओरडला. मराठीत, मग डचमध्ये, मग दोन्ही भाषांतल्या शिव्या. गुंजनला त्याने मागे ओढलं. बाई हात जोडल्यासारखे करून पुढे येत होती, आणि जितकी ती पुढे यायची तितका त्याचा आवाज चढायचा. “लांब राहा! थुंकतेस? लहान पोरीवर थुंकतेस?” त्याने बादली लाथाडली. चुना फरश्यांवरून वाहत गेला, सगळ्या रेघा एक झाल्या. आणि मग त्याने खांबाला लाथ घातली.

चार खांब होते. त्याने तोच निवडला.

खांब मुळातून गेला. अर्धा मांडव खाली आला, टेबलावर टेकून तिरपा लटकला, आणि वेलाचं मनगटापेक्षा जाड खोड मधून उभं चिरलं. तो आवाज कपडा फाटावा तसा होता. बाई छातीवर हात ठेवून उभी राहिली. कोंबड्या ओरडत होत्या, गुंजन रडत होती. समोरच्या परसातून विम नावाचा उंच डच म्हातारा डोकं काढून बघत होता.

“ती थुंकली!” मल्हार त्याला ओरडून म्हणाला. “माझ्या बहिणीवर थुंकली!”

घरी येऊन आईशी भांडायच्या आधीच त्याने शेजाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं होतं. बाबांना डच वाचायचा कंटाळा म्हणून त्यांनी ग्रुपात मल्हारलाच घातलं होतं, आणि तिथे त्याने आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलं की चुका होतात, चुका झाल्या की लोक हसतात. त्या दिवशी लिहिलं. “सावध राहा. ग्रीक बाई लहान मुलांवर थुंकते. आज माझ्या बहिणीवर थुंकली.”

भांडण संपवून तो वर गेला आणि फोन उघडला. अंगठेच अंगठे. रागाने लाल झालेली तोंडं. “बरं झालं सांगितलंस, पोरा.” “शाब्बास, बहिणीची काळजी घेतलीस.” विमची बायको आन्स स्तामातियाबाईंना सामान आणून द्यायची. तिने लिहिलं, “मी तर रोज तिच्या दारात जाते! आता कसं करू?” त्यावर कुणीतरी म्हणालं, “जाऊ नकोस, तुझा दमा आहे.”

मल्हारने सगळं दोनदा वाचलं. त्याच्या डचमध्ये दोन चुका होत्या आणि कुणीही त्या काढल्या नव्हत्या. या देशात आल्यापासून इतकी माणसं एकदम त्याच्या बाजूने कधी नव्हती. पोटात काहीतरी उबदार पसरलं. ते खोटं होतं म्हणावं तर खोटं नव्हतं. त्याला खरंच बरं वाटलं.

तिन्हीसांजेला वृंदाने गुंजनला पाटावर बसवलं. मुठीत मीठ, मोहरी, दोन सुक्या मिरच्या. पूर्वी ती हे गॅसवर जाळायची. पण इथे पहिल्याच वेळी धुराचा अलार्म वाजला आणि अख्खी रांग रस्त्यावर आली, तेव्हापासून ते सिंकमध्ये नळाखाली सोडायचं. दृष्टही बिचारी इथल्या कायद्याने निघायची.

“पोर घाबरलीये नुसती,” ती पुटपुटली आणि मूठ पोरीवरून उतरवायला लागली. “आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, त्या म्हातारीची, कुणाची लागली असेल त्याची…” मग मूठ तोंडाजवळ नेली. “थू, थू, थू.”

गुंजन खुदकन हसली. “नेत आल्स याया!”

अगदी यायासारखं.

वृंदाची मूठ तशीच हवेत राहिली. मल्हार दारात उभा होता. त्याने आईकडे बघितलं आणि लगेच नजर फ्रीजकडे वळवली.

“मल्हार,” ती म्हणाली, “ती नक्की कशी थुंकली? करून दाखव.”

“मी नाही करून दाखवत.”

“थुंकी उडाली होती का?”

त्याने फ्रीजचं दार उघडलं.

“तुला मुंगीचे पाय दिसतात. थुंकी उडाली होती का नाही, सांग.”

“मला काय माहीत!” तो म्हणाला. पण माहीत होतं. बाईचे ओठ कोरडे होते. आणि तिचे डोळे पण त्याने बघितले होते. थुंकणाऱ्या माणसाचे डोळे तसे नसतात.

वृंदा खालीच बसली. “अरे देवा. पोरीला दृष्ट लागू नये म्हणून केलं रे तिने. आपण दुसरं काय करतो?”

तिचा नवरा जयेश कॉल संपवून खाली आला तेव्हा तिने सगळं सांगितलं, आणि मल्हारने ग्रुपवरचा मेसेज दाखवला. तो हेडफोन गळ्यात तसाच ठेवून ऐकत राहिला. मग म्हणाला, “मेसेज काढून टाक.”

“आता निघत नाही.”

“मग राहू दे. परत लिहिलंस तर आपलंच हसं. आज एक म्हणाले, उद्या दुसरं म्हणाले. आपल्याला इथे राहायचंय. चार दिवसांत विसरतील लोक.”

“आणि त्यांचा मांडव?” वृंदा म्हणाली.

“मांडवाचं बघू. हे सगळं निवळू दे आधी.”

मल्हार मान खाली घालून ऐकत होता. बाबांशी तो कधी कशावर सहमत व्हायचा नाही. पण त्या क्षणी त्याला इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. बाबाच म्हणाले ना. मग झालं.

मंगळवारी सकाळी त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला. फट मात्र ठेवली.

बाई खुर्ची घेऊन बाहेर आली. मांडव तिरपा पडलेला, त्यामुळे खुर्ची भिंतीला लावून बसली. कॉफी आणली. बोळीतून पोस्टमन गेला, तो थांबला नाही. कुत्रं फिरवणारी बाई आली, दाराजवळ आल्यावर कुत्र्याला पलीकडच्या कुंपणाशी ओढत भराभरा निघून गेली. स्तामातियाबाई हात वर करून “मोर्खन!”, सुप्रभात, म्हणाली होती. तो हात तिने हळूच खाली घेतला आणि पदरासारखा अॅप्रनमध्ये गुंडाळला. चिरलेल्या खोडातून थेंब थेंब पाणी गळत होतं. वसंतात वेल असा पाण्याने भरलेला असतो, जखम झाली की गळतच राहतो. बाईने त्याखाली एक वाडगा ठेवला होता. कशाला, ते मल्हारला कळेना.

दुपारी विम बोळीत भेटला. इतकी वर्षं तो मल्हारला नुसती मान हलवायचा. आज म्हणाला, “काय मल्हार, बहीण बरी आहे ना?” नाव बरोबर म्हणाला.

“बरी आहे,” मल्हार म्हणाला.

“छान केलंस. अशा वेळी कुणीतरी बोलायला लागतं.”

मल्हार हसला. खरंच हसला. घरी येऊन बाथरूममध्ये गेला आणि आरशात न बघता दात घासले, भरदुपारी.

बुधवारी बाई बाहेर आलीच नाही. डबे पण आत. मागचं दार बंद. त्याने ते दार बंद असलेलं कधी पाहिलंच नव्हतं. ते बाकीच्या दारांसारखंच तपकिरी आहे हेही त्याला तेव्हाच कळलं. वृंदा पुढच्या दाराने डबा घेऊन गेली, रव्याचे लाडू. बाईने काचेतून हात हलवून नको नको म्हटलं आणि पडदा ओढला. वृंदा डबा घेऊन परत आली. “तिला वाटतं आपण भांडायला आलो,” ती म्हणाली. “किंवा मला घाबरली असेल. मला कळलंच नाही रे, काय म्हणावं.” मग तिने एकटीनेच उभ्याउभ्या एक लाडू खाल्ला.

गुरुवारी संध्याकाळी मल्हार कचऱ्याचा डबा ठेवायला बोळीत गेला, आणि बाई समोर.

दाराच्या आतच, लांब उभी होती. नाकातोंडावर दोन फडकी बांधलेली, एकावर एक, डोक्यामागे गाठ. पिशवी तिने बोळीच्या मधोमध फरशीवर ठेवली, आणि परत मागे सरकली.

“बाळीसाठी,” ती म्हणाली. तिचं डच मल्हारच्या डचपेक्षाही मोडकं होतं. “अंडी. लाल. ईस्टर. हात धुऊन केली. साबणाने. खूप साबण. पिशवी पण धुतली.”

पिशवीत गडद लाल रंगाची अंडी होती, तेलाने चकचकीत पुसलेली. मल्हार तसाच उभा राहिला.

“मुला, माफ कर,” बाई म्हणाली. “मी विसरले. कोरोना विसरले. आमच्या गावात, पोर सुंदर, तर आपण असं करतो. नाहीतर डोळा पडतो. माझी आई करायची. मी माझ्या लेकीला केलं. तोंडातून आपोआप येतं. म्हातारी बाई, विसरले.” फडक्याआडून तिचा श्वास जोरात ऐकू येत होता. “तुझं बरोबर. तू भाऊ. भाऊ रागावतो. मला लाज वाटली. तीन दिवस झोप नाही. बाळीला ताप आला का?”

आता बोलायचं होतं. समोर ताट वाढून ठेवावं तसा क्षण होता. मला माहीत होतं. आमच्यात पण करतात. माझी आई त्याच संध्याकाळी करत होती. तीनच वाक्यं होती, आणि तिन्ही जिभेवर होती.

“खेफ्त नीत,” मल्हार म्हणाला.

हरकत नाही. इथे पाय पडला, धक्का लागला, तर समोरच्याला असंच म्हणतात. तो शब्द तोंडातून आपोआप आला. त्याने तिला माफ केलं.

बाईचे खांदे एकदम सैल पडले. “तू चांगला मुलगा,” ती म्हणाली. “रविवारी कॅटरिना येते. माझी लेक, आर्नहेमहून. मला नेते. तिथे फ्लॅट, चौथा मजला. ती म्हणते, आई, इथे लोक तुला घाबरतात, कोण सामान आणणार, कोण बघणार. बरोबर म्हणते. आन्स येत नाही. कोंबड्या विम घेईल का, विचारशील? मला विचारायला… नको वाटतं.”

“विचारतो,” मल्हार म्हणाला. पिशवी उचलली आणि घरात आला.

गुंजनने अंडी बघून उड्या मारल्या. वृंदाने विचारलं, “काय म्हणाली?” तो म्हणाला, “काही नाही. माफी मागितली.” वृंदा त्याच्याकडे बघत राहिली. “तिने? आणि तू काय म्हणालास?” तो वर गेला. मागून आई जे म्हणाली ते हळू म्हणाली, पण त्याला ऐकू आलं. “असा कसा रे निपजलास.”

ती शिवी नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. शिवी असती तर तो उलटून बोलला असता.

शुक्रवारभर त्याने काहीच केलं नाही. विमला कोंबड्यांचं विचारलं नाही. जेवला नाही. गादीवर पडून तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत होता. फोन उघडायचा, ग्रुप उघडायचा, ते अंगठे बघायचे, बंद करायचा. अंगठे काही जात नव्हते. त्याला वाटलं होतं आपल्याला राग येतो म्हणजे आपण खरं बोलणारे. सर, वर्ग, खुर्ची, सगळ्यात त्याला हेच वाटत आलं होतं. आता त्याचा राग आणि ती खांबावरची लाथ एकमेकांशेजारी ठेवली की राग फार लहान दिसायचा.

शनिवारी सकाळी तो खाली आला. वृंदा पोहे करत होती.

“खोड चिरलं तर वेल मरतो का?”

तिने मागे वळून पाहिलं नाही. “तासगावला मामांच्या बागेत वादळात असंच चिरलं होतं. दोन्ही फाका जुळवून सुतळीने गच्च बांधलं होतं त्यांनी. वरून ओली माती. मूळ धडधाकट असेल तर वेल जगतो म्हणायचे. फार दिवस उघडं राहायला नको.” मग थोड्या वेळाने, “सुतळी खालच्या खणात आहे.”

“बाबा?”

“बाबांना मी बघते.”

सायकलींच्या खोलीत जुन्या कुंपणाचा एक जाड खांब पडून होता. तो त्याने खांद्यावर घेतला. बोळीतून जाताना खांब दोन्ही बाजूंच्या कुंपणांना घासत होता. बाईचं दार त्याने वाजवलं, आणि ती यायच्या आत स्वतःच तीन पावलं मागे गेला. तिने दार उघडलं, खांबाकडे पाहिलं, सुतळीकडे पाहिलं. तोंडावरची दोन फडकी होतीच.

“दुरुस्त करतो,” तो म्हणाला.

“उद्या जाते मी. कशाला?”

“तरी.”

आत चुन्याचा मोठा पांढरा डाग वाळून फरश्यांना चिकटला होता. कोपऱ्यात मात्र तिने केलेल्या थोड्या रेघा अजून शाबूत होत्या, सरळ, बारीक. मल्हार त्यांवर पाय न देता आत गेला. आधी फाका जुळवल्या. खोड ओलं होतं, हाताला चिकटत होतं. बाई खुर्ची ओढून लांब बसली आणि बोटाने दाखवत राहिली, इथे, अजून घट्ट, अजून. सुतळी त्याने दातांनी तोडली. नवा खांब पुरायला खड्डा खणला. मधेच ती आत जाऊन कॉफी घेऊन आली, कप फरशीवर ठेवून मागे सरली. तळाला गाळ असलेली ती कॉफी त्याने एका घोटात प्यायली आणि ठसका लागला. फडक्याआडून ती हसली. पहिल्यांदा.

तेवढ्यात बोळीतून विम आला. दाराबाहेरच थांबला, बाईपासून लांब.

“कमाल आहे!” तो मल्हारला म्हणाला. “त्या प्रकारानंतर पण तिला मदत करतोयस. मोठं मन आहे तुझं.”

बाईला ते ऐकू गेलं असणार. तिने कप उचलायला म्हणून मान खाली घातली.

मल्हारच्या हातात कुदळ होती. त्याला एकदम तिडीक आली, आणि या वेळी ती कुणावर आली ते त्याला ठाऊक होतं. “मांडव मीच पाडला,” तो म्हणाला.

“हो, रागाच्या भरात. समजू शकतो.”

“नाही समजू शकत तुम्ही!” तो ओरडला. मग आवाज खाली आणला. “थांबा.”

तो बोळीत आला आणि फोन काढला. लिहायला गेला. दोन शब्द लिहिले, दोन्ही चुकले. मग त्याने माइकचं बटण दाबून धरलं. विम समोर उभाच होता. अर्ध्या उघड्या दारातून परस दिसत होतं.

“मी मल्हार,” तो डचमध्ये बोलायला लागला. “सोमवारी मी लिहिलं होतं की स्तामातियाबाई माझ्या बहिणीवर थुंकल्या. त्या थुंकल्या नाहीत. थुंकी नव्हतीच. मला तेव्हाच दिसलं होतं. त्यांच्यात पोरगी छान दिसली की असं करतात, नजर लागू नये म्हणून. आमच्यात पण करतात. माझ्या आईने त्याच संध्याकाळी केलं, आणि मी बघत होतो. तरी मी काही बोललो नाही, कारण तुम्ही सगळे मला शाब्बास म्हणत होता. मला ते आवडलं. परवा त्यांनीच माझी माफी मागितली. आणि मी म्हणालो, खेफ्त नीत.”

विमने टोपी काढून हातात घेतली होती.

“मांडवाचा खांब कुजलाय हे मला हिवाळ्यापासून माहीत होतं. म्हणून मी त्यालाच लाथ मारली. आन्स, तुम्ही त्यांच्याकडे जा. लांबून जा, पण जा. त्या उद्या आर्नहेमला जाणारेत, चौथ्या मजल्यावर, आणि त्यांना नाही जायचंय. तुम्ही त्यांच्या दारावरून मान फिरवून जाता म्हणून जाणारेत. माझ्यामुळे जाणारेत. कुणीतरी आज त्यांच्या दारात थांबा. त्या मोर्खन म्हणतील, तुम्ही पण म्हणा. एवढंच. मला माहीत नाही अजून काय बोलायचं, माझं डच… ते बघा, म्हातारी एकटीच मांडव उचलायला लागलीय, खांब अजून पुरलेला पण नाही, सगळं तिच्या डोक्यावर येईल. मला आता आत जायला हवं, मांडव धरायला.”